तीन नंबरचा ळ

"वैजूताई, उद्यापासून तुम्ही घरी बसून लोणचं घाला. हा बोर्ड आता स्वतःच स्वतःला चालवणार," असं म्हणून प्रफुल्ल दातीरनं एंटरचं बटण दाबलं. दाबलं म्हणजे काय, तबलजी शेवटची थाप मारतो तसं बोट आधी हवेत नाचवलं, मग मारलं.

मी खिडकीत उभी होते. मुळवंडी नगरपरिषदेची संगणक खोली तेव्हा मंडईच्या वरच्या मजल्यावर होती आणि खिडकीसमोर, चौकाच्या बरोबर मध्ये, तो नवा कोरा बोर्ड उभा होता. आडव्या एसटीएवढा. लाल दिव्यांचा. त्याच्यावर अक्षरं उजवीकडून डावीकडं पळायची. कंपनीचा माणूस 'सुस्वागतम' पळवून दाखवून, चहा पिऊन निघून गेला होता. उद्या दुपारी उद्घाटन होतं.

बोर्डावर 'मु' आला.

मग बोर्ड विझला.

"बघा, आता पुढचं येईल," प्रफुल्ल म्हणाला.

आलंच. 'वंडी: नॉट फाउंड'. नॉट फाउंड इंग्रजीत. त्याच्याखाली दुसरी ओळ आली: 'नगराध्यक्ष: नॉट फाउंड'. आणि तिसरी: 'वे: नॉट फाउंड'. तेवढं लिहून बोर्ड शांत राहिला.

"काय दिसतंय?" प्रफुल्लनं विचारलं. त्याला खुर्चीतून बोर्ड दिसत नव्हता.

"आपले नगराध्यक्ष सापडत नाहीयेत," मी म्हणाले.

इथं थोडं समजावून सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई काहीतरी फेकतेय. मी एम.ए. मराठी. नगरपरिषदेत मराठी टायपिस्ट. बोर्डावरचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडं आलं होतं. प्रफुल्ल इंजिनिअर, कंत्राटी. बोर्डाच्या प्रोग्रामची एक खोड होती, त्याला समोर टर्मिनल लागायचा, म्हणजे पडदा आणि कळफलक, आणि त्याच्यावर टायपणारा जिवंत माणूस लागायचा. फायलीतून मजकूर दिला तर तो तोंड फिरवायचा. म्हणून प्रफुल्लनं त्याला फसवलं होतं.

"याला स्यूडो-टर्मिनल म्हणतात, ताई," त्यानं मला आदल्या आठवड्यात सांगितलं होतं. "म्हणजे खोटा टर्मिनल. एका टोकाला बोर्डाचा प्रोग्राम. त्याला वाटतंय समोर बाई बसलीय, टायपतेय. दुसऱ्या टोकाला बाईच नाही. माझा प्रोग्राम बसलाय, फाईल वाचून टायपल्याचं नाटक करतोय."

"म्हणजे माझी डमी."

"डमी नाही ओ. तुमची सुधारित आवृत्ती. ही चहाला उठत नाही."

खोट्या टर्मिनलच्या पडद्यावर जे उमटेल ते वायरीनं थेट चौकात जायचं. आणि बोर्डाचा प्रोग्राम काही कारणानं मेला, तर त्याच्या मागं उभा असलेला शेल पुढं यायचा. शेल म्हणजे साहेबांच्या दारातला शिपाई समजा. त्याच्या कानावर जे पडेल तो त्याला हुकूमच वाटतो. आमचा प्रोग्राम 'मु'वरच मेला होता, आणि सुधारित आवृत्ती आपली पुढं टायपत राहिली होती. शिपायानं 'वंडी' ऐकलं, असा हुकूम शोधला, मिळाला नाही, तसं चौकात सांगून टाकलं. मग 'नगराध्यक्ष' ऐकलं, तोही शोधला.

"पुसा ते आधी," मी म्हणाले.

"पुसतो. पण मेला कशानं ते बघायला पाहिजे ना."

तो बघत बसला आणि खाली मेडिकलवाले सुराणा दुकानातून बाहेर आले. चौकात इंग्रजी वाचणारे तेच. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं आणि फुलवाल्या सगुणाबाईला भाषांतर करून सांगितलं, "नगराध्यक्ष सापडत नाहीत म्हणे."

सगुणाबाईनं ते पुढं दिलं. मंडईतून स्टँडवर जाईपर्यंत नगराध्यक्ष पळून गेले होते. स्टँडवरून गुळव्यांच्या घरी पोचेपर्यंत नदीत शोधाशोध सुरू झाली होती.

नगराध्यक्ष बाळासाहेब गुळवे उद्घाटनासाठी केस काळे करायला सलूनमध्ये बसले होते. ते जिना चढून आले तेव्हा खांद्यावर न्हाव्याचा टॉवेल होता आणि मिशी अर्धी काळी, अर्धी पांढरी होती.

"कोण म्हणतंय मी सापडत न्हाई?"

"यंत्र म्हणतंय, साहेब," प्रफुल्ल उभा राहिला. "म्हणजे तसं नाही. नगराध्यक्ष या नावाचा हुकूम सापडत नाही, असं त्याला..."

"माझा हुकूम सापडत न्हाई? या गावात?"

"साहेब, ते तांत्रिक आहे."

"माझी बायको नदीवर भोई घेऊन गेलीय, इंजिनेर. ते बी तांत्रिकच का?" त्यांनी टॉवेलनं मिशी पुसली, म्हणजे काळं गालावर आलं. "हे बघा. उद्या आमदार येणार. त्यांच्या डोळ्यांदेखत माझं नाव त्या बोर्डावर पळालं पायजे. आख्खं. नीट पळालं तर तुमचा कायम करायचा ठराव पुढच्या सभेत. नाय पळालं तर तुम्ही पळायचं."

ते गेल्यावर प्रफुल्ल खाली बसला. त्याची बोटं आता नाचत नव्हती.

त्याच्या दृष्टीनं 'कायम' हा शब्द नोकरीपुरता नव्हता. त्याचं अनुजा सोनटक्केशी जमलं होतं. अनुजाला पसंत, तिच्या आईला पसंत, पण वडील वसंतराव सोनटक्के निवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी आयुष्यभर तारीख-शिक्का असल्याशिवाय कशाला हात लावला नव्हता. "मुलगा कायम झाल्याशिवाय सुपारी फुटणार नाही," असं ते म्हणाले होते. आणि दुसरं एक स्थळ कायम होऊन तयार बसलं होतं. पाटबंधारे खात्यात.

"अनुजाचे बाबा उद्या येणारेत," प्रफुल्ल म्हणाला. "मीच बोलावलंय. पुढच्या रांगेत."

"कशाला?"

"नाव पळताना बघायला."

मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले. "चल. काय काय लिहिलं की मरतो ते बघू."

आम्ही एक एक वाक्य सोडायला लागलो. 'नमस्कार' सोडलं, झकास पळालं. 'पाणी जपून वापरा' पळालं. 'कचरा कुंडीतच टाका' पळालं. प्रफुल्लचा चेहरा उजळला. मी 'उद्या सकाळी' सोडलं. 'उद्या सका' आलं आणि प्रोग्राम मेला. 'नळ' मधला 'न' दिसला फक्त. 'वेळेवर कर भरा' मध्ये कर भरायच्या आत मेला.

"सकाळ, नळ, वेळ," मी म्हणाले. "आणि मुळवंडी. अरे, हा ळ वर मरतोय."

"अक्षरावर कोण मरतं, ताई?"

"केळ लिही."

त्यानं लिहिलं. 'के' आला आणि मेला.

प्रफुल्लनं फॉन्टबरोबर आलेला तक्ता काढला आणि त्यावर बोट फिरवत गेला. शेवटी बोट एका घरावर थांबलं आणि तो हसायला लागला. चांगलं हसणं नव्हतं ते.

"फॉन्ट कुणी केलाय माहितीय? कानपूरच्या कुणीतरी. हिंदीसाठी. हिंदीत ळ असतो का?"

"नसतो."

"बरोबर. सगळी घरं भरून झाल्यावर कुणीतरी सांगितलं असणार की मराठीवाल्यांना एक ळ लागतो. त्यांनी बघितलं, जागा कुठंय, तर एकदम सुरुवातीला, जिथं कुणी अक्षर ठेवत नाही तिथं. तीन नंबरला कोंबला."

"मग? राहू दे की तिथं. बिचारा कुठंतरी बसला."

"ताई, तीन नंबर म्हणजे कंट्रोल-सी." माझ्या चेहऱ्याकडं बघून तो सावकाश बोलायला लागला. "कंट्रोल आणि सी एकदम दाबलं की तीन नंबरचं अक्षर जातं. टर्मिनल ते अक्षर आत जाऊच देत नाही. ते आलं की तो प्रोग्रामला सिग्नल देतो, 'बास कर' म्हणून. आणि खोटा टर्मिनलही हे अगदी खऱ्यासारखं करतो. मी तो तसाच केलाय, खऱ्यासारखा."

"म्हणजे ळ म्हणजे थांब?"

"ळ म्हणजे मर."

मी एवढी वर्षं मराठी शिकले, पण ळ चा हा अर्थ कुणी शिकवला नव्हता.

"मग ळ शिवाय लिहू," मी म्हणाले. "त्यात काय."

त्यात काय ते मला पुढच्या तासाभरात कळलं. पाणीपुरवठ्याची सूचना होती, 'उद्या सकाळी नळाला पाणी येणार नाही, सगळ्यांनी आज पाणी भरून ठेवावे.' मी ती अशी केली: 'उद्या प्रातःसमयी तोटीस जल येणार नाही. सर्वांनी आजच जलसंचय करावा.' बोर्डावर ती सुंदर पळाली. खाली सगुणाबाई सुराणांना म्हणाली, "कुणाचं लगीन हाय वं?"

फळविक्रेत्यांना द्यायची सूचना मात्र जमेना. नारळ लिहिता येईना म्हणून श्रीफळ लिहिलं, तो तिथंच मेला. केळ्याला कदलीफळ म्हणावं, तर त्यातही ळ. शेवटी मी 'जे विक्रेते आहेत त्यांनी जे आहे ते आत ठेवावे' असं लिहिलं. ते कुणालाच कळलं नाही पण पळालं छान.

मग प्रशासनाची सूचना आली, 'सर्व कर्मचाऱ्यांनी उपस्थित राहावे.' ळ नव्हता म्हणून मी निर्धास्त सोडली. 'सर्व कर्मचा' पर्यंत आली आणि थांबली. बोर्ड विझला नाही, मेला नाही. नुसता थांबला.

"आता काय झालं?"

प्रफुल्लनं तक्ता बघितला. "अर्धा र. तो डोक्यावर रफार होऊन न बसणारा, आडवा, आपला मराठीतला. तोही हिंदीत नाही. त्यालाही उरलेल्या जागेत टाकलाय, सव्वीस नंबरला. सव्वीस म्हणजे कंट्रोल-झेड. त्यानं प्रोग्राम मरत नाही, झोपतो."

"कर्मचाऱ्यांचं नाव काढल्यावर झोपला?"

"हो."

"हा कानपूरचा माणूस आपल्या ऑफिसात येऊन गेलाय कधी तरी."

हे सगळं ठीक होतं. केळी विकणाऱ्यांना ना ठराव करायचा होता ना लग्न. खरा प्रश्न एकच होता आणि तो 'बाळासाहेब गुळवे' असा होता. त्या नावात दोन ळ. प्रोग्राम एका नावात दोनदा मरत होता, म्हणूनच सकाळी बोर्डावर शेवटचा 'वे' तेवढा उरला होता. मी कागदावर त्यांच्या आडनावातून ळ काढून पाहिला. उरलं ते वाचून मी कागद फाडला आणि तुकडे पर्समध्ये ठेवले.

दुपारी गुळवे परत आले. मिशी आता दोन्हीकडं काळी होती. मी बिचकत बिचकत सुचवलं, "साहेब, बालासाहेब गुलवे असं लिहिलं तर? उद्याच्या दिवसापुरतं?"

"काय म्हणालात?"

"ल, साहेब. साधा ल."

या माणसानं वर्षभरापूर्वी 'मुलवंडी' अशी पाटी लावणाऱ्या एका परप्रांतीय मॅनेजरला शाळेच्या बाकावर बसवून पाटीभर ळ गिरवायला लावला होता. पेपरात फोटो आला होता. फोटोत मॅनेजर लिहीत होता आणि गुळवे छडी घेऊन मागं उभे होते.

"वैजूताई, तुम्ही मराठीच्या ना?"

"हो, साहेब."

"तुमच्या तोंडून ही अपेक्षा नव्हती. मी काय गुलवे आहे? मी काय गंगेच्या काठावरनं आलोय? त्या आमदार टेंब्याच्या समोर माझ्या नावातला ळ गेला तर उद्यापासनं गावात मी तोंड कसं दाखवायचं?" ते प्रफुल्लकडं वळले. "ळ पायजे. दोन्ही पायजेत. एक बी कमी चालणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा प्रफुल्ल आधीच खुर्चीत होता आणि चक्क शीळ घालत होता.

"झालं," तो म्हणाला.

"काय झालं?"

"टर्मिनलला एक खूण असते. कंट्रोल-सी आलं तर सिग्नल द्यायचा, की साधं अक्षर समजून आत सोडायचं. ती खूण काढून टाकली. आता आमचा खोटा टर्मिनल कुणाच्या सिग्नलला विचारत नाही. तीन नंबर आला काय, सव्वीस आला काय, सगळी अक्षरंच."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग काल का नाही केलंस?"

"काल मला वाटत होतं चूक कंपनीची आहे."

त्यानं एंटर दाबलं. बोर्डावर मजकूर आला, 'मुळवंडी नगरपरिषद, नगराध्यक्ष मा. बाळासाहेब गुळवे.' दोन्ही ळ, पोटात गाठ असलेले, लालबुंद. मी 'काळ्या केळीवाल्यांनी पिवळ्या गुळाच्या गोळ्या गिळू नयेत' असं सोडून बघितलं. तेही पळालं. 'कर्मचाऱ्यांनी' टाकलं, कुणी झोपलं नाही. माझ्या नोकरीत तो शब्द पहिल्यांदाच जागा राहिला.

दुपारी चौकात मांडव, खुर्च्या, पंखे, माईक. शाळेच्या मुली स्वागतगीताला रांगेत. पुढच्या रांगेत वसंतराव सोनटक्के, काळी टोपी, मांडीवर घडी केलेला पेपर. शेजारी अनुजा. ती खिडकीकडं बघत नव्हती, म्हणजे बघत होती.

आम्ही दोघं वर खिडकीत. प्रफुल्लनं कळफलक थेट त्या खोट्या टर्मिनलला जोडून घेतला होता. "म्हणजे ऐन वेळी काही बदलायचं झालं तर हातानं करता येईल," तो म्हणाला. वायरमन हुसेनभाई खाली डीपीजवळ स्टूल टाकून बसले होते.

गुळव्यांनी कळ दाबली. ती कळ कशालाच जोडलेली नव्हती, पण त्याच क्षणी प्रफुल्लनं वरून एंटर मारलं. बोर्ड पेटला आणि 'मा. बाळासाहेब गुळवे' हे नाव चौकभर पळायला लागलं. परत परत, एकामागून एक. टाळ्या झाल्या. गुळवे बोर्डाकडं बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते, बहुतेक ळ मोजत होते. मग ते माईककडं आले.

"मंडळी, हे ज्यानं केलं तो पोरगा वर खिडकीत हाय. दातीर. मी आत्ता इथं, आमदारसाहेबांच्या साक्षीनं सांगतो, तो आजपासनं नगरपरिषदेत कायम. ठराव मागनं येईल, शब्द आत्ता दिला."

वसंतरावांनी टोपी काढली, परत घातली आणि अनुजाला काहीतरी म्हणाले. अनुजानं आता सरळ खिडकीकडं बघितलं. प्रफुल्लनं हात वर केला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. मग माझ्या लक्षात आलं.

"अरे, आमदार उठले. आता त्यांचं नाव यायला हवं."

"हो, हो. हे थांबवतो आणि ते लावतो."

त्यानं कंट्रोल आणि सी दाबलं.

बोर्डावर 'मा. बाळासाहेब गुळवेळ' असं आलं.

"थांबलं का?" प्रफुल्लनं विचारलं.

"नाही. लांबलं."

त्यानं परत दाबलं. 'गुळवेळळ'. परत. घाईघाईनं चारपाच वेळा. बोर्डावर 'ळळळळळ' अशी माळ लागली आणि उजवीकडून डावीकडं निघाली.

"थांबत का नाहीये हा?"

"तूच सांग."

तो कळफलकाकडं बघत राहिला. "ताई, मी त्याला थांब म्हणतोय. तो लिहून घेतोय."

"मग थांब म्हणू नकोस."

"मग झोपवतो." त्यानं कंट्रोल-झेड दाबलं. माळेत एक अर्धा र आला. परत दाबलं, अजून एक. आता चौकात 'ळळळळळऱ्ऱ्ळळ' असं काहीतरी पळत होतं. शाळेच्या मुलींना वाटलं, हे आपल्याला वाचायला दिलंय. त्यांच्या बाईंनी हात वर करायच्या आत सगळ्या रांगेनं सुरात ळ म्हणायला सुरुवात केली होती.

आमदार टेंबे माईकपाशी उभे होते. त्यांनी मागं वळून बोर्ड बघितला, मग गुळव्यांकडं बघितलं. "बाळासाहेब, हे काय?"

गुळवे राजकारणात वीस वर्षं उगाच नव्हते. त्यांनी माईक परत ओढला. "हे काय म्हणून विचारता, आमदारसाहेब? हा ळ आहे. आपला ळ. जगाच्या पाठीवर दुसऱ्या कुठल्या भाषेत दाखवा असा ळ. हा मुद्दाम लावलाय. ही मायमराठीला मानवंदना आहे."

टाळ्या पडल्या. मागच्या बाजूनं साड्यांच्या दुकानाचे मालक शिवप्पा हात वर करून म्हणाले, "साहेब, आमच्या कन्नडमध्ये पण आहे." त्यांना कुणीतरी खाली बसवलं.

इथं थांबलं असतं तर आज गावात प्रफुल्लचा सत्कार झाला असता. पण बोर्ड थांबायला तयार नव्हता आणि प्रफुल्लला आठवलं की दुसऱ्या टर्मिनलवरून प्रोग्रामला थेट सिग्नल देता येतो. मध्ये तो बहिरा खोटा टर्मिनल नाही, अक्षर नाही, काही नाही.

"नऊ नंबरचा सिग्नल देतो," तो म्हणाला. "याला नाही म्हणताच येत नाही. समजूत नाही, विनंती नाही. जागच्या जागी."

"दे."

त्यानं दिला. खोटी बाई आणि खरा प्रोग्राम, दोघं एकदम. पडद्यावर सगळं शांत झालं. त्यानं कपाळ पुसलं.

मी बाहेर बघितलं. "प्रफुल्ल, ळ अजून आहेत."

"कसे असतील? मेला तो."

"मेला, पण ळ आहेत. आता पळत नाहीत. उभे आहेत."

त्यानं येऊन बघितलं. बोर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ळ, मध्ये दोन झोपलेले अर्धे र. प्रफुल्लनं खिडकीची चौकट धरली. "हा मरताना बोर्ड पुसून जातो, ताई. नेहमी. पण त्याला पुसायला वेळ द्यावा लागतो. नऊ नंबर वेळ देत नाही."

खाली आमदार बोलायला लागले होते. "गुळवेसाहेबांच्या नावात दोन ळ आहेत हे मला माहीत होतं. बाकीचे कुठून आले याची चौकशी व्हायला हवी." लोक हसले. गुळवेही हसले, पण खिडकीकडं बघून.

प्रफुल्ल खिडकीतून वाकला. "हुसेनभाई, बोर्डाची लाईन काढा."

"कुठली?"

"बोर्डाची."

"इथं सगळं एकावरच हाय."

"काढा ओ."

हुसेनभाईंनी फ्यूज काढला. बोर्ड विझला. पंखे थांबले. माईक गेला. आमदार 'मराठी भाषेच्या या उज्ज्वल' एवढ्यापर्यंत आले होते, ते पुढं काय म्हणाले ते पहिल्या रांगेलाच कळलं. वसंतराव सोनटक्के पहिल्या रांगेत होते. ते म्हणतात, आमदार काहीच म्हणाले नाहीत.

त्या दिवसापासून गुळव्यांना गावात 'ळळासाहेब' म्हणायला लागले. तोंडावर कुणी म्हटलं नाही. पण पुढच्या सभेत हजेरी घेताना कारकुनाची जीभ घसरली आणि सगळं सभागृह खाली मान घालून बसलं.

त्याच सभेत प्रफुल्लचा विषय आला. गुळव्यांना त्याला काढायचं होतं. विरोधकांनी उद्घाटनाची आठवण करून दिली. माईकवरून, आमदारांच्या साक्षीनं, चौकभर लोकांसमोर दिलेला शब्द होता. गुळवे बराच वेळ मिशीवरून हात फिरवत बसले.

"बरं," ते म्हणाले. "कायम. शब्द दिला तो दिला. पण कुठं, ते मी बोललो नव्हतो."

ठराव झाला. श्री. प्रफुल्ल दातीर यांस कोंडवाडा विभागात पर्यवेक्षक म्हणून कायम करण्यात येत आहे. कोंडवाडा म्हणजे मोकाट जनावरं धरून कोंडायची जागा. गावाबाहेर, नदीकडं.

मी ठरावाची प्रत घेऊन प्रफुल्लबरोबर सोनटक्क्यांकडं गेले. त्याला एकट्याला जायचा धीर नव्हता. वसंतरावांनी ती दोनदा वाचली. शिक्का उजेडात धरून बघितला.

"कायम आहे," ते म्हणाले.

"हो, पण बाबा, कोंडवाडा..." अनुजा म्हणाली.

"मी कायम म्हटलं होतं. कुठं ते मीही बोललो नव्हतो." त्यांनी आत हाक मारली, "अहो, पानाचं तबक आणा. आणि अडकित्ता."

लग्न वैशाखात ठरलं. मी वरपक्षाकडून करवली होते. प्रफुल्ल कोंडवाड्यात खूश होता. म्हशींना सिग्नल द्यावे लागत नाहीत असं म्हणायचा. लग्नाच्या आदल्या दिवशी हळद होती आणि त्याआधी जाऊन जनावरांना पाणी आहे का बघून येतो म्हणून तो गेला. आत शिरला आणि फाटक ओढून घेतलं. बाहेरचं खटक्याचं कुलूप आपोआप लागलं. किल्ली राखणदाराकडं होती आणि राखणदार मांडवाला केळीचे खुंट आणायला शेजारच्या गावी गेला होता. मुहूर्त टळायला लागला, तेव्हा आम्ही बायका हळदीची वाटी घेऊन कोंडवाड्यावर गेलो आणि नवऱ्याला गजांतून हात घालून हळद लावली. एका म्हशीलाही लागली.